साप्पोरोत 15 वर्षं जुनी, छोटी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी का?

प्रश्न असा आहे: जपानच्या होक्काइदो बेटावर साप्पोरोत नोकरी लागली आहे, 15 वर्षं जुनी फोर व्हील ड्राइव्ह अल्टो स्वस्तात मिळतेय, बर्फात चालेल का? मायलेज किती देते? भारतातलं लायसन्स चालतं का?

घ्या. फक्त फोर व्हील ड्राइव्हच्या नावावर घेऊ नका, टायर बघून घ्या.

माझ्याकडे 2008 ची अल्टो आहे. 658 सीसी, 54 हॉर्सपॉवर, पिवळी नंबरप्लेट (इथे ती टॅक्सीची नाही, 'केई' म्हणजे छोट्या गाडीची खूण). आमचे धाकटे भाऊजी तोक्योला असतात, ते तिला डबडं म्हणतात. "वहिनी, जपानला येऊन शेवटी मारुतीच घेतलीत!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तसं ते खोटं नाही. 1983 साली आपल्याकडे आलेली मारुती 800 मुळात सुझुकीची अल्टोच. फरक इतकाच की इकडे ती मागच्या चाकांनाही ताकद देणारी मिळते, आपल्याकडे तशी कधी मिळाली नाही.

माझ्या गाडीत फोर व्हील ड्राइव्हला ना बटण ना दांडा. एरवी सगळं काम पुढचीच चाकं करतात. मागे जाणाऱ्या शाफ्टवर एक बंद डबी असते, तिच्यात घट्ट सिलिकॉन तेल आणि पातळ चकत्या. एक चकती पुढच्या चाकांशी जोडलेली, तिच्या शेजारची मागच्या. पुढची चाकं बर्फात नुसतीच फिरायला लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, मधलं तेल त्यांना धरून ठेवू बघतं आणि ताकद मागे जाते. पार्किंगमध्ये रात्रभर साचलेल्या बर्फातून सकाळी गाडी बाहेर काढायला याच्यासारखं सुख नाही.

पण हे सगळं गाडी हलवण्यापुरतं. थांबवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक जगातल्या सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. हे मी भाऊजींना किती वेळा सांगितलं असेल! त्यांचं म्हणणं एकच: "मोठी एसयूव्ही, फोर व्हील ड्राइव्ह, काय बिशाद आहे घसरायची!"

एकदा फेब्रुवारीत ते स्नो फेस्टिव्हल बघायला आले. विमानतळावरून येताना भाड्यानं भलीमोठी एसयूव्ही घेऊन आले. आमचं घर मोइवा डोंगराच्या बाजूला, चढावर. संध्याकाळी सगळे जेवायला निघालो, ते पुढे, मी मागे. दुपारी थोडं वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं होतं. इथे 1990 साली कायदा होऊन खिळ्यांचे टायर बंद झाले. खिळे होते तोवर बर्फ खरवडला जायचा (आणि डांबरही, त्याची धूळ लोकांच्या छातीत जायची, म्हणून तर कायदा झाला). आता सिग्नलपाशी प्रत्येक गाडीची चाकं जागच्या जागी फिरून बर्फाला पॉलिश करतात. मी दुसरा गिअर टाकून, मध्ये चांगलं अंतर ठेवून उतरत होते. भाऊजींचे ब्रेकलाइट लागले आणि गाडी तशीच, लाल दिवे लावून, शांतपणे खाली निघाली. सिग्नल ओलांडून न जाता कडेच्या बर्फाच्या भिंतीत शिरली ही देवाची कृपा. बंपर फुटला, माणसं धड.

मी मागे थांबले. डबडं थांबलं.

मग चौकातल्या पेटीतून खडीच्या पिशव्या आणल्या. उतारांवर पालिका अशा पेट्या ठेवते, कोणीही पिशवी घ्यावी आणि टाकावी. बारीक काळी कच असते, हातमोज्यात अडकून बसते. ती चाकांखाली पसरली, मागचा बर्फ फावड्यानं काढला, गाडी निघाली. पोलिसांना कळवलं नाही तर विमा मिळत नाही, म्हणून तेही थंडीत उभं राहून झालं. आणि इतकं होऊन भाऊजी काय म्हणाले? "तुमची गाडी हलकी, म्हणून थांबली." हलकी गाडी लवकर थांबते तर मग भारी गाडी कशाला घेतलीत, असं तोंडावर आलं होतं. सासूबाई बसल्या होत्या मागे, गिळलं. तर इथे लिहिते: माझे टायर त्या हिवाळ्यात नवे होते, आणि मी हळू होते. बस.

तुमच्या गाडीचं बोलायचं तर इंजिनाची चिंता करू नका, ते टिकतं. गंज बघा. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड टाकतात, ते खालून गाडी खातं. लिफ्टवर चढवायला लावा. मागच्या चाकाच्या पुढे दाराखालची पट्टी अंगठ्यानं दाबा. दबली, करकरली तर हात जोडून परत या. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर दुप्पट संशय घ्या. चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. दोनच नवे घातले तर मी वर सांगितलेल्या डबीला उगाच सतत काम लागतं. मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) तेल शेवटचं कधी बदललं ते विचारा. बहुतेकांना तिथे तेल असतं हेच ठाऊक नसतं.

मायलेज उन्हाळ्यात 16-17, हिवाळ्यात 11-12, तेही इंजिन गरम करत बसला नाहीत तर. 13 वर्षांपुढच्या केई गाडीला वर्षाचा कर 7,200 येनऐवजी 12,900 बसतो, आणि दर दोन वर्षांनी तपासणी. तरी मोठ्या गाडीच्या हप्त्यापुढे हे काहीच नाही.

एक मात्र सांगायला हवं. हे सगळं शहरातलं. पोट जमिनीला लागेल इतका बर्फ साचला की अल्टो तिथेच बसते, चाकं हवेत फिरतात. नोकरी गावाबाहेर, पूर्वेच्या मोकळ्या माळाकडे असेल तर उंच गाडी घ्या, हो, भाऊजींसारखी. मार्च 2013 च्या हिमवादळात होक्काइदोत 9 माणसं गेली. तिकडेच पूर्वेला, नाकाशिबेत्सु गावात एक आई आणि तिची तीन मुलं अडकलेल्या गाडीतच गेली, सायलेन्सर बर्फाखाली गाडला जाऊन आत कार्बन मोनॉक्साइड भरला. अडकलात तर इंजिन बंद, किंवा सायलेन्सरभोवतीचा बर्फ सतत काढत राहा. फावडं डिकीत नाही, सीटमागे ठेवा. डिकी गोठली की उघडत नाही.

लायसन्सचं: आंतरराष्ट्रीय परमिट आणलंत तर ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, पुढे जपानी करून घ्यावं लागतं. ऑक्टोबर 2025 पासून त्याची लेखी परीक्षा 10 ऐवजी 50 प्रश्नांची झाली आहे, त्यामुळे आलात की लगेच मागे लागा.

आणि भाऊजींना भाड्याच्या कंपनीनं विमा असूनही वर 20,000 येन लावले. गाडी दुरुस्तीत उभी राहते त्याचे. तेवढ्यात अल्टोचे दोन टायर आले असते.