मोजपट्टी घरीच ठेव

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचं ते चकचकीत माहितीपत्रक, दोन्ही मिळालं. माहितीपत्रक दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. 'शिकार न मिळाल्यास पैसे परत.' शिंगांच्या इंचांप्रमाणे दर, फोटोग्राफरचे वेगळे, मुंडकं पेंढा भरून घरपोच. आणि खाली तुझ्या अक्षरात प्रश्न: 'काका, परवाना आहे, मोसम चालू आहे, पैसे माझ्या कमाईचे आहेत. मग यात चूक काय?'

चूक एका ओळीत सांगता आली असती तर पोस्टकार्डावर भागलं असतं. तुझ्या प्रश्नातला कायद्याचा भाग बरोबर आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला वेगळंच खटकलं. शिकारीत नीतीला राहायला जागा फार थोडी असते. सावज दिसलंय, नेम धरलाय, बोट चापावर आहे आणि अजून बार झालेला नाही, एवढीच. त्या घटकेला 'नको, आज नको' म्हणता आलं पाहिजे. हे माहितीपत्रक तुला ती घटकाच विकत देत नाही. ती त्यांनी आधीच खर्ची घातली आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. अर्धी तुला ठाऊक असेल. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होता होल्ट कॉलिअर, जन्मानं गुलाम, आणि अस्वलांच्या बाबतीत त्या मुलखातला सगळ्यात जाणता माणूस. कुत्र्यांनी अस्वल घेरलं तेव्हा रूझवेल्ट जागेवर नव्हते. एरवी कॉलिअरनं तिथल्या तिथे बार टाकून काम संपवलं असतं. पण ते पाहुण्यासाठी राखायचं होतं. अस्वल कुत्र्यांना फाडायला लागलं, तसा त्यानं बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात घातला आणि दोरानं झाडाला बांधून ठेवलं. रूझवेल्ट आले, बघितलं, आणि बांधलेल्या जनावरावर बार टाकायला त्यांनी नकार दिला. वर्तमानपत्रात व्यंगचित्र छापून आलं, पुढे त्यावरून कापसाचं अस्वल निघालं, ते टेडी बेअर.

इथवर सगळे सांगतात. अस्वलाचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. ते इतकं जायबंदी झालं होतं की त्याचे हाल संपवा, असं रूझवेल्टांनीच सांगितलं आणि सुरीनं त्याचा शेवट केला गेला. म्हणजे नकार खरा होता, मनापासूनचा होता, पण उशिरा आला. 'साहेबांना मिळालंच पाहिजे' हे ओझं कॉलिअरच्या डोक्यावर आधीच ठेवलेलं होतं, आणि दोर त्या ओझ्यातून आला. त्याला दोष देऊ नकोस. तुझ्या त्या जागेवरच्या वाटाड्यालाही देऊ नकोस. त्याला बक्षिसी कशावर मिळते, ते बघ.

गंमत म्हणजे याच रूझवेल्टांनी जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्यासोबत १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला होता. शिकाऱ्यांनीच शिकाऱ्यांना घातलेले नियम. पोहत चाललेल्या हरणाला नावेतून मारायचं नाही, खोल बर्फात रुतलेल्या मूसला, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाला, गाठायचं नाही. त्याला ते फेअर चेस म्हणत. सरळ भाषेत, जनावराला निसटायची खरी वाट असली पाहिजे. त्या माणसांच्या डोळ्यांसमोर बाजारासाठी मारणारे शिकारी होते. गाड्या भरभरून मांस आणि पिसं शहरात जात होती. आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे होते, त्यातलं शेवटचं, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला १९०० च्या लेसी कायद्यानं बंदी घातली. ही मंडळी बाजाराला जंगलाबाहेर काढायला निघाली होती. बाजार मागच्या दारानं परत आला. आता तो मांस विकत नाही, शिकारी झाल्याची भावना विकतो. तिला वजन नसतं, त्यामुळे ती किती विकायची याला अंतही नसतो.

मोजपट्टीचंही असंच झालं. मुळात मोजणं वाईट नव्हतं. मोठी शिंगं म्हणजे अनेक हिवाळे काढलेला, आपली वीण पुढे सरकवून मोकळा झालेला म्हातारा नर. असे नर दिसतात म्हणजे कळप सुदृढ आहे, असा हिशोब. क्लबनं १९५० मध्ये मोजणीची पद्धत पक्की केली त्यामागेही ही समजूत होती. पण आकडा एकदा कागदावर आला की तो कळपाचा राहत नाही, माणसाचा होतो. वाघांच्या बाबतीत हे फार आधीच घडलं होतं. नाक आणि शेपटाच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजायचं, की पाठीच्या वळणावरून पट्टी फिरवायची, यावर शिकारी हातघाईवर येत, कारण वळणावरून मोजलं की काही इंच फुकट मिळतात. व्हाइसरॉयसाठी अकरा इंचांचा फूट असलेली खास पट्टी ठेवत, असाही एक किस्सा आहे. खरा असो वा नसो, तो सांगणारे शिकारीच होते आणि हसणारेही शिकारीच. आपल्या घरात काय चाललंय ते त्यांना चांगलं माहीत होतं.

पैसा नसतानाही हमी देता येते, हेही लक्षात ठेव. १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत गेले. हत्तींचं कडं करून वाघ कोंडायचे आणि पाहुण्यांपुढे आणायचे. दहाएक दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. तिथे दरपत्रक नव्हतं. यजमानाची अब्रू होती, ती पुरेशी झाली. तेव्हा दोष फक्त पैशाच्या माथी मारून मोकळं होऊ नकोस. पाहुणा रिकाम्या हातानं जाता कामा नये, असं ठरलं की जंगलाचा मांडव होतो.

आता माझं. तू विचारलं नाहीस, तरी.

तेव्हा मी तुझ्या आताच्या वयापेक्षा थोडा मोठा असेन. एका संध्याकाळी दूरच्या उतारावर एक भारदस्त शिंगाड नर चरत होता. अंतर माझ्या हाताबाहेरचं होतं, ते मला कळत होतं. एकटा असतो तर वारा बघून ओढ्यातून सरपटत पुढे गेलो असतो, आणि तो निसटला असता तर निसटला असता. पण बरोबर तिघे जण होते, त्यातल्या एकाच्या गळ्यात कॅमेरा. मी बार टाकला. गोळी पोटात बसली. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, मग रक्त थांबलं आणि मागही थांबला. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. तो रात्रीतला कितीतरी वेळ जिवंत होता, हे जमिनीवरच्या खुरांच्या ओरबाड्यांवरून दिसत होतं. कॅमेरावाला म्हणाला, शिंगं तरी मिळाली. मी शिंगं उचलली नाहीत. त्यात काही मोठेपणा नव्हता, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून आजकाल हजार मीटरवरच्या बारांच्या चित्रफिती बघतो तेव्हा पोटात कालवतं. दुर्बीण, संगणक, बंदूक सगळं अचूक असेल. पण तेवढ्या अंतरावर गोळी पोचायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो, आणि चरणारं जनावर तेवढ्यात सहज एक पाऊल टाकतं. त्या पावलाचा हिशोब कुठलंच यंत्र करत नाही. आणि फसलेले बार चित्रफितीत येत नाहीत, हे तुला सांगायला नको.

कुंपणातल्या शिकारीबद्दल फार लिहीत नाही. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह बंदुकीपुढे सोडण्याचा धंदा उभा राहिला. २०२१ मध्ये सरकारनंच नेमलेल्या समितीनं तो बंद करावा असं सांगितलं. त्याला शिकार म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे, बस. तुझ्या पत्रकातलं 'विस्तीर्ण खासगी क्षेत्र' कुंपणाचं आहे का, ते मात्र विचार. बून अँड क्रॉकेट पळता न येणाऱ्या कुंपणातलं जनावर विक्रमांच्या नोंदवहीत घेत नाही. दुसऱ्या काही नोंदवह्यांत त्यासाठी वेगळं सदर आहे. ज्याला बक्षीस हवं त्याला सदर मिळतंच.

यापेक्षा मला जास्त बोलायचंय ते 'सगळ्यात मोठाच हवा' या हट्टाबद्दल, कारण त्याचं नुकसान मारणाऱ्याला दिसत नाही. कॅनडातल्या अल्बर्टात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या बिगहॉर्न मेंढ्यांवर संशोधकांनी कित्येक वर्षं नजर ठेवली. शिंगं ठरावीक वळणापर्यंत वाढली की नर मारायला परवानगी, असा नियम. ऐकायला अगदी शहाणा. पण ज्यांची शिंगं झपाट्यानं वाढत, ते नर वीण घालायच्या ऐन वयात येण्याआधीच नियमात बसत आणि मारले जात. खुरटे मागे राहत आणि बाप होत. २००३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की साधारण तीस वर्षांत शिंगं आनुवंशिकतेनंच लहान होत गेली. वाघ-लांडगे म्हातारं, लंगडं, आजारी उचलतात. आपण भिंतीसाठी निवडतो, आणि भिंतीला देखणा लागतो.

सिंहाचं आणखी वेगळं. कळपाचा नर मारला की नवा नर येतो आणि आधीच्याचे बछडे मारतो. एका बारामागे किती जीव गेले, ते फोटोत येत नाही. म्हणून मोझांबिकच्या नियासा अभयारण्यात सहा वर्षांखालचा सिंह मारायचा नाही, मारला तर पुढच्या मोसमाचा कोटा कमी, असं ठरवलं. वय नाकाच्या रंगावरून काहीसं कळतं, वयाबरोबर नाक काळवंडत जातं. पण त्यासाठी जवळून, निवांत, पुन्हा पुन्हा बघावं लागतं. पाहुण्याचं परतीचं विमान परवाचं असलं की पाच वर्षांचं नाक सहा वर्षांचं दिसू लागतं. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल नावाचा सिंह मारला गेला, त्याच्या गळ्यात संशोधकांचा पट्टा होता. आधी बाणानं जखमी केलं, मेला तो कित्येक तासांनी. जगभर संताप झाला तो नाव असलेल्या सिंहासाठी. बिननावाच्यांसाठी एवढा कधी झाला नाही, हेही मला त्रास देतं.

मी व्यापाराचा कट्टर वैरी आहे असं समजू नकोस. नामिबियानं १९९६ मध्ये कायदा बदलून गावांच्या संघांना वन्यजीवांवर हक्क दिले. शिकारीच्या शुल्काचा पैसा तिथे गावात राहतो, आणि ज्याच्या शेतात हत्ती घुसतात त्याला हत्ती राखावासा वाटायला काहीतरी कारण मिळतं. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या शिकारीच्या मोजक्या परवान्यांचा ८० टक्के पैसा स्थानिकांना मिळतो, आणि तिथले कळप वाढले. हे नाकारणारा माणूस घरात बसून बोलतो. प्रश्न पैसे कशाचे मोजतोस, याचा आहे. जंगलात शिरण्याचे, दिवसांचे, वाटाड्याच्या ज्ञानाचे, गावाच्या हक्काचे मोज, माझी हरकत नाही. इंचांचे मोजायला लागलास की तुझं बोट तुझं राहत नाही. बऱ्याच ठिकाणी एक चांगला नियम असतो, जनावर जखमी होऊन निसटलं तरी शुल्क पूर्ण द्यायचं. तुझ्या पत्रकात तो शोधला, सापडला नाही. 'पैसे परत' मात्र ठळक अक्षरात आहे.

जायचं की नाही ते तू ठरव, मी अडवणारा कोण. फक्त पैसे भरण्याआधी त्यांना फोन कर आणि विचार: मी सगळे दिवस फिरलो, चांगला नर दिसला, आणि मी बार टाकला नाही, तर वाटाड्याला पूर्ण बक्षिसी मिळेल का? पलीकडचा माणूस थांबला, तर किती वेळ थांबला तेही ऐक.

माझी जुनी दुर्बीण वेगळ्या पार्सलनं पाठवतोय. डावी काच जरा धुरकट आहे, उजवीनं बघ. परत करायची घाई नाही.

तुझा,
काका