रायफल शूटिंगसाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ (कान झाकणारा, आवाज अडवणारा हेडफोनसारखा कप) घ्यावा की साधा? बाबांना थोडं कमी ऐकू येतं, त्यांना आवाज वाढवणारा चालेल का?

तुम्ही ऐरोलीचे, वडील आणि तुम्ही मिळून रेंजवर पॉइंट टू टू (.22) रायफल मारता, बाबांना कोचच्या सूचना ऐकू येत नाहीत आणि दुकानदार पाच आकडी किमतीचा मफ गळ्यात मारतोय, एवढं प्रश्नातून कळलं. किंमत वाचली आणि मला माझा मेहुणा आठवला.

तो वाशीला राहतो. इलेक्ट्रॉनिक मफ मागवला आणि आमच्याकडे नौपाड्यात जेवायला आला तो गळ्यात अडकवूनच. टाळ्या वाजवून दाखवल्या, आतल्या खोलीतली कुजबुज ऐकू येते म्हणाला, बायकांनी लगेच आवाज बंद केले. मग माझ्याकडे वळून, "भावोजी, हा गोळीचा आवाज ओळखून कापतो. तुमचा तो पिवळा डबा आता द्या भंगारात." पिवळा डबा म्हणजे माझा साधा मफ.

मी म्हटलं, गोळी कापतो तो कप, त्यातला फोम आणि कानाभोवती बसणारी गादी. इलेक्ट्रॉनिक्स काय करतं, तर बाहेरचा माइक आत आवाज देत असतो, तो धडाक्याच्या वेळी दाबतं. बस. सेल संपले तरी संरक्षण तेवढंच राहतं. यावर "तुमच्या पिढीला टेक्नॉलॉजी पचत नाही" हे उत्तर मिळालं. माझ्यात आणि त्याच्यात सहा वर्षांचं अंतर आहे.

पुढे रेंजवर स्वारी आली ती टोपी घालून, वर जाड काड्यांचा चष्मा, त्यावर मफ. शेजारच्या लेनवर पॉइंट थ्री टूचं पिस्तूल चालू होतं. थोड्याच वेळात हा कान चोळत बाहेर, दडे बसले म्हणून. आधी सेलना दोष, सेल बदलले, मग सेटिंगला. मी टोपी काढायला लावली, माझा बारीक काडीचा चष्मा दिला आणि मफचं बटण बंदच ठेवायला सांगितलं. बंद मफमध्ये तो आरामात बसला. काडीखाली गादी उचलली गेली की फट पडते आणि आवाज तिथून आत येतो, यात टेक्नॉलॉजीचा संबंध नाही. घरी जाऊन मात्र त्याने "पीस डिफेक्टिव्ह निघाला" असंच सांगितलं.

आता तुमचं. मफच्या खोक्यावर एनआरआर नावाचा आकडा असतो, म्हणजे मफ किती डेसिबल आवाज कापतो ते; जास्त तेवढा चांगला. तो आधी बघा. बहुतेक सडपातळ इलेक्ट्रॉनिक मफना तो 22-23च्या आसपास मिळतो, जाड साध्या मफना 27 ते 30. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही बऱ्याचदा कमी संरक्षण घेता. पॉइंट टू टू रायफलचा धडाका 140 डेसिबलच्या घरात जातो, बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, 150च्या वर. आपल्याकडे फटाक्याला कायद्याची मर्यादा 145 आहे, तीही चार मीटरवरून मोजलेली; इथे बंदूक गालाला लागलेली असते. बंदिस्त रेंजवर तर भिंतीही आवाज परत फेकतात. म्हणून आत फोमचे प्लग, वर मफ. दोन्हींची बेरीज होत नाही, संरक्षण साधारण पाचेक डेसिबलनेच वाढतं, कारण आवाज कवटीच्या हाडातूनही पोचतो. पण ते पाच सोडू नका.

मग इलेक्ट्रॉनिक घ्यायचाच कशाला? कोचचं ऐकायला लोक एक कप उचलतात आणि नेमका तेव्हाच शेजारी बार काढतो. ते उचलणं थांबतं, हा खरा फायदा. प्लग घातलेले असले तरी माइकचा आवाज वाढवून सूचना ऐकू येतात. घेताना प्रत्येक गोळीला माइक पूर्ण बंद करणारा नको, "स्टॉप" त्यातच गिळला जातो. धडाका दाबून बाकीचं चालू ठेवणारा घ्या. दोन्ही कानांना वेगळा माइक हवा. रायफलसाठी खालून निमुळता कप, नाहीतर गाल टेकवला की कप दस्त्याला लागून उचलला जातो. "दूरच्या जनावराची चाहूल लागते" या जाहिरातीचे पैसे देऊ नका. आपल्याकडे 1972च्या कायद्याने शिकार बंद आहे, चाहूल कोणाची घेणार?

स्पर्धेत उतरायचं असेल तर आणखी एक गोष्ट. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत खेळाडूला रिसीव्हर असलेला मफ चालत नाही. साधा पिवळा डबा तिथे लागतोच. मेहुण्याला हे मी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

बाबांचं मात्र दुकानात सुटणार नाही. आधी ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या सुराला कान किती ऐकतो याचा तपासणीचा आलेख, काढा. मफ सगळेच आवाज वाढवतो, ज्या सुरात कान गेलाय तेवढाच नाही; आणि ऐकण्याचं यंत्र कान बंद करत नाही, त्यामुळे ते घालून गोळीबाराजवळ उभं राहणं म्हणजे संरक्षण नव्हे. धडाक्याने गेलेला कान बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दाखवतो. उजव्या खांद्यावरून रायफल मारणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला.

माझे सासरे, म्हणजे याच मेहुण्याचे वडील, संगमेश्वराकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअर बाळगायचे. वानरं-डुकरं पळवायला बार काढायचे, कानात कापसाचा बोळाही नाही. डाव्या बाजूने "साठ" म्हटलं तर त्यांना "आठ" ऐकू यायचं. मेहुणा अजून म्हणतो वयामुळे. उजव्या कानाचं वय काय वेगळं होतं? तपासणीचा कागद आमच्या कपाटात आहे, पण तो बघत नाही.

मी डॉक्टर नाही, हेही सांगून ठेवतो. आणि तुम्ही फक्त दहा मीटर एअर रायफल मारत असाल तर एवढा खटाटोप नको, साधे प्लग पुरतात. शेवटी घेतलाच इलेक्ट्रॉनिक, तर पावसाळ्यात सेल काढून ठेवा; आपल्या हवेत पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. गादी घामाने कडक झाली की लगेच बदला, आणि तिचा सुटा जोड मिळतो का हे मफ घेण्याआधीच दुकानदाराला विचारा.