तारकर्लीच्या आधी सिकलसेलचा रिपोर्ट

भाऊ, हिमोग्लोबिन वाढेल म्हणून स्कूबा करत असशील तर राहू दे. 10 मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून टाकीतल्या साध्या हवेतूनही ऑक्सिजन दुप्पट दाबानं मिळतो. ऑक्सिजन कमी पडलाच नाही, मग लाल पेशी वाढवा असा निरोप मूत्रपिंडानं हाडांतल्या मज्जेला कशाला धाडावा? वर आल्यावर तो थोडा वाढू शकतो, पण लाल पेशी जगते सुमारे 120 दिवस. दोन-चार डुबक्यांनी रिपोर्ट हलत नाही.

रक्त घट्ट मात्र होतं. पाण्यात हातापायांतलं रक्त छातीकडं सरकतं, शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं, लघवी वाढते. त्यात ट्रॅव्हल्समध्ये लघवीच्या भीतीनं रात्रभर पाणी न पिता आलेला माणूस! लघवी गर्द पिवळी असेल तर डुबकी पुढं ढकल.

आपल्याकडं खरा प्रश्न सिकलसेलचा, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. गडचिरोली-चंद्रपूरकडचा असशील तर सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीवर थांबू नको, ती वाहक की रुग्ण हे सांगत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या चाचणीत ‘एसएस’ (रुग्ण) आलं तर स्कूबा नाहीच. ‘एएस’ (वाहक) असेल तर डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरला विचारूनच उतर. तहान, थंडी, दमछाक तिन्ही टाळ.

आणि त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नको, तो सुमारे 700 मीटर उंच आहे; उंचीवर हवेचा दाब कमी, त्यानं डुबकीत रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच एकाहून जास्त डुबक्यांनंतर विमानाला किमान 18 तास थांब.