ग्राफिक्स साधे असूनही काही गेम पुन्हा पुन्हा का खेळावेसे वाटतात?

आजकालच्या गेममधली चित्रे इतकी खरीखुरी दिसत असताना आपल्या मुलाला ठिपक्याठिपक्यांचे जुने गेमच का आवडतात आणि गेम रंजक नेमका कशामुळे होतो, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते, हरल्यावर ‘चूक माझीच होती आणि ती कुठे झाली हे मला कळले’ असे ज्या गेममध्ये वाटते, तोच गेम माणूस पुन्हा लावतो. चित्रे, संगीत आणि कथा यांना मी कमी लेखत नाही, पण त्यांचा क्रम नंतरचा आहे.

हे मी पहिल्यांदा पाहिले ते नागपुरात, इतवारीतल्या मामांच्या दुकानात. 1990 च्या दशकात दुकानामागच्या खोलीत दोन टीव्ही ठेवून ते अर्ध्या तासाच्या हिशेबाने व्हिडिओ गेम खेळायला देत. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असे आणि आत कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात मुले दाटीवाटीने बसलेली असत. वहीत वेळ लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे कोणती कॅसेट लावल्यावर मुले ‘मामा, अजून अर्धा तास’ म्हणतात, हे मला रोज दिसत होते. सर्वांत देखणी चित्रे असलेली कॅसेट सगळे आधी मागत आणि दहा मिनिटांत बदलायला लावत, कारण तिच्यात शत्रू काहीही चाहूल न देता पाठीमागून येत असे. ‘हा गेम चिटिंग करते बे,’ हा मुलांचा निकाल मला आजही अचूक वाटतो.

याउलट ‘मारिओ’ची कॅसेट खोलीतून हलत नसे. शिगेरू मियामोतो यांनी घडवलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 1985 साली आला. त्याचा पहिला टप्पा मी नंतर पुष्कळदा थांबून थांबून पाहिला आहे. सुरुवातीलाच एक छोटा शत्रू समोरून चालत येतो. काहीच केले नाही, तर खेळणारा काही सेकंदांत मरतो, पण फार काही गमावत नाही आणि उडी मारायला हवी, एवढे त्याला कळते. पुढे डोक्यावरच्या चौकोनातून आळंबी निघते, उजवीकडे सरकते, पाइपला आपटून परत आपल्याच दिशेने येते आणि डोक्यावर विटांचे छत असल्यामुळे तिला चुकवणे अवघड जाते. अशा रीतीने आळंबी चांगली असते हेही एका अक्षराशिवाय समजते. पण मला सर्वांत आवडते ती जिन्यांची जागा. आधी समोरासमोर असे दोन जिने लागतात, ज्यांच्या मधोमध जमीन आहे. उडी चुकली तरी मारिओ नुसता खाली उतरतो. थोडे पुढे गेल्यावर तसेच दोन जिने पुन्हा येतात, पण या वेळी मध्ये खड्डा असतो. जिवावर बेतणाऱ्या उडीचा सराव आधी सुरक्षित जागी करून घेतलेला असल्यामुळे त्या खड्ड्यात पडणारे मूल गेमला दोष देत नाही.

दुसरी गोष्ट हाताशी संबंधित आहे. बटण दाबले की पडद्यावर तत्क्षणी काही घडले पाहिजे. तेथे किंचित जरी उशीर झाला, तरी चूक आपली की यंत्राची, हे खेळणाऱ्याला उमगेनासे होते. 2018 साली आलेल्या ‘सेलेस्ट’ या गेमच्या रचनाकारांनी तर एक पाऊल पुढे जाऊन, गेममधल्या पात्राचा पाय कड्यावरून सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मान्य होईल, अशी सोय केली आहे. काटेकोरपणे पाहिले तर ही सवलत आहे, पण आपण वेळेत बटण दाबले असे मनाला वाटत असताना गेमने ‘नाही’ म्हणू नये, हा तिच्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

ग्राफिक्सविषयी बोलायचे तर वरून पडणारे ठोकळे नीट रचण्याचा ‘टेट्रिस’ हा गेम पाहा. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 साली मॉस्कोत तो प्रथम ज्या संगणकावर तयार केला, त्याला चित्रे काढताच येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते. सात आकार आणि आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते हा एक नियम, बस. तरीही तो आजतागायत खेळला जातो, कारण पडद्यावर साचलेला प्रत्येक अडथळा आपणच थोड्या वेळापूर्वी घाईत ठेवलेला ठोकळा असतो आणि तो कसा ठेवायला हवा होता, हे डोळ्यांसमोर दिसत असते.

मोबाइलवरच्या पुष्कळ गेममध्ये रोज हजेरी लावल्याबद्दल नाणी मिळतात आणि एक दिवस चुकला की साखळी तुटते. त्यांनाही लोक रोज उघडतात, पण तेथे कौशल्य वाढत नाही, फक्त हजेरी वाढते, म्हणून मी त्याला रंजन म्हणणार नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हे पडताळून पाहायचे असेल, तर तो जिंकत असताना पाहू नका. हरल्याबरोबर तो काय करतो, ते पाहा. रिमोट आपटून उठला, तर त्या गेमने त्याला काही शिकवलेले नाही. मामांच्या खोलीतली मुले खड्ड्यात पडल्यावर क्षणभर गप्प होत, थोडी पुढे सरकून बसत आणि शेजारच्याला न विचारता सुरुवातीचे बटण दाबत.