फुटबॉल विश्वचषकात गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी का सुरू करतात?

दुसऱ्या सामन्याचा निकाल आधी कळून कोणी सोयीचा स्कोअर ठरवू नये, म्हणून. हा नियम 1982 च्या स्पेनमधल्या स्पर्धेमुळे आला. अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला 2-1 हरवलं होतं आणि 24 जूनला चिलीला 3-2 हरवून त्यांचे सामने संपलेही. दुसऱ्या दिवशी हिहोनमध्ये पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया सामना होता, आणि गणित उघड होतं: जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे, अल्जेरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला. मग उरलेली 80 मिनिटं बहुतेक वेळ चेंडू मागच्या मागे फिरत राहिला, प्रेक्षक पांढरे रुमाल हलवत राहिले. 1-0. तिघांचेही गुण 4, पण गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) जर्मनी +3, ऑस्ट्रिया +2, अल्जेरिया 0. अल्जेरियाची तक्रार फिफाने (फुटबॉलची जागतिक संघटना) फेटाळली. लेखी नियम तर कुठलाच मोडला नव्हता! 1986 च्या विश्वचषकापासून प्रत्येक गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले.

पण यानेही सोय पूर्ण बंद होत नाही. 2004 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्क-स्वीडन 2-2 झालं, त्या स्कोअरने दोघेही पुढे गेले आणि एकाच वेळी चाललेला आपला सामना जिंकूनही इटली बाहेर गेली. शिवाय तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम संघही जिथे पुढे जातात, तिथे उशिरा संपणाऱ्या गटांना किती गुण पुरतील हे आधीच माहीत असतं.