माळ्यावरची पेटी आधी खाली काढा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, अकरावीला ६१ टक्के मिळाले. तिला फर्निचर डिझाईन शिकायचं आहे. आजोबा गावातले नावाजलेले मेस्त, म्हणजे सुतार. वडील दहावीपर्यंत त्यांच्या हाताखाली शिकले, हत्यारांना धार लावायचे, मग सरकारी खात्यात कारकून झाले. आता ते विचारतात, हिला सिव्हिल इंजिनिअरिंगला घालू, की पणजीत इंटिरियरचा खासगी कोर्स लावून देऊ? पुढे लिहितात, ‘कॉम्प्युटरवर काय ते डिझाईन करू दे, पण रंधा तिच्या हातात नको. वडिलांची हत्यारांची पेटी मी कुलूप लावून माळ्यावर टाकली आहे.’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कुलपापाशी थांबले. ६१ टक्क्यांची मला काळजी नाही, कुलपाची आहे. केलेल्या कामाचे पैसे मागायला वडिलांना चार-चार खेपा घालाव्या लागत, हे तुम्ही लहानपणी पाहिलंत. ते मनातून जात नाही, हे मला समजतं. पण पैसे बुडवले ते गिऱ्हाइकांनी. शिक्षा तुम्ही रंध्याला दिलीत, आणि आता मुलीला देताय. शिवाय मेस्ताची नात पुन्हा मेस्तच झाली असं गाव म्हणेल, ही भीती तुम्ही तिच्या भविष्याच्या काळजीत मिसळून टाकली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आधी त्या वेगळ्या करा.

तक्रार म्हणून तुम्ही जे लिहिलंय, तेच मला पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं. गणेश चवथीच्या सुट्टीत तिनं शेजाऱ्यांची करवत मागून आणली आणि आजीसाठी स्टूल केलं. पहिलं फूटभर उंच. त्यावरून आजीला उठवेना. दुसरं दीड फुटाचं. आजीचे पाय लोंबकळले. तिसरं सव्वा फुटाचं, ते जमलं. मग उठताना आजीच्या टाचा पुढच्या आडव्या पट्टीला आपटतात म्हणून तिनं ती पट्टीच काढली, आणि आता स्टूल डुगडुगतं. तुम्ही याला ‘अर्धी सुट्टी फुकट’ म्हणता. अहो, फर्निचर डिझायनर दुसरं काय करतो? बाजारातल्या साध्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट उंच असते. ते माप कुणा सरासरी माणसाचं, तुमच्या आईचं नाही. हे तुमच्या मुलीनं माणूस बसवून शोधलं. बसून उठताना पाय बैठकीखाली मागे घ्यावे लागतात, तिथे जागा लागते, हेही तिनं आजीकडे बघून ओळखलं. पट्टी काढल्यावर सांगाडा ढिला पडतो, हा धडा तिला स्टुलानंच दिला. पुढचा प्रयत्नही तिला सुचेल: दोन्ही बाजूंना एकेक पट्टी आणि त्यांना मधोमध जोडणारी तिसरी. टाचा मोकळ्या राहतात, पाय आवळलेले राहतात. तीन पायांचं करून बघू दे. खडबडीत जमिनीवर ते डुगडुगत नाही. पण एका कडेला भार टाकला तर चटकन कलंडतं, मग आजीसाठी ते चालेल का, हे तिनंच ठरवावं.

आता तुमचा तो गैरसमज. डिझायनरनं कागदावर काढायचं आणि सुतारानं करायचं, ही वाटणी तुम्ही गृहीत धरली आहे. पडद्यावर कुठलीही फळी कुठेही जोडता येते. आपल्या पावसाळ्यात मात्र लाकूड ओल पिऊन रेषांना आडवं, म्हणजे रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुलैत खण अडकतात आणि कोरड्या दिवसांत फळ्यांत फट पडते. रुंद फळी चारी बाजूंनी घट्ट ठोकली की एक दिवस तडकणारच. कुसू, म्हणजे फळीचं जोडायचं टोक, खाचेत किती घट्ट बसलं की पुरे, हे तर हातालाच कळतं. डेन्मार्कचे हान्स वेग्नर ५०० हून अधिक खुर्च्यांसाठी ओळखले जातात. चौदाव्या वर्षी ते सुताराकडे उमेदवारीला लागले होते. जॉर्ज नाकाशिमा अमेरिकेत एमआयटीत आर्किटेक्चर शिकले, पाँडिचेरीत इमारत उभारायला आले, आणि पुढे आयुष्यभर लाकूडकाम केलं. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेसाठीही (एनआयडी) त्यांनी फर्निचर डिझाईन केलं. तुम्ही पदवीला वरची पायरी आणि रंध्याला खालची मानता. त्यांनी तशी मानली नाही.

परीक्षांचं थोडक्यात: एनआयडीची डॅट आणि आयआयटी मुंबई घेते ती युसीड, या डिझाईनच्या पदवीच्या प्रवेश परीक्षा. दोन्हींना बारावीच्या शाखेची अट नाही, ऑक्टोबरच्या आसपास त्यांची संकेतस्थळं पाहत राहा. एनआयडी अहमदाबादला फर्निचर आणि इंटिरियर डिझाईन हा विषय आहे. ‘तिची चित्रकला साधारण आहे’ म्हणून घाबरू नका. विचार दाखवता येईल इतकं रेखाटन सरावानं येतं. पणजीच्या कोर्सचे पैसे मात्र इतक्यात भरू नका. ते ती मागत नाही, तुम्ही तुमच्या समाधानासाठी देताय. आणि सिव्हिलचं नाव या घरात पुन्हा काढू नका. तिला त्यात रस असल्याचं तुमच्या अख्ख्या पत्रात एक वाक्य नाही.

पहिल्या वर्षापासून भरपूर पगार मिळेल, असं मी सांगणार नाही. सुरुवातीची काही वर्षं कुणाच्या तरी कारखान्यात कमी पैशांत जातील. ती वर्षं ती काढेल असं मला वाटतं, कारण आजीचं स्टूल तिनं तीनदा केलं, आणि तेही कुणी न सांगता.

येत्या रविवारी पेटी खाली उतरवा. इतकी वर्षं माळ्यावर राहून हत्यारं गंजली असतील. पटाशीला धार कशी लावायची ते तिला दुसरं कुणी दाखवायला नको, ते तुम्हाला येतं. आणि ती पट्ट्या जोडेल तेव्हा स्टुलाचं दुसरं टोक धरून बसा.