नर्सरीत गेल्यापासून मुलाचा खोकला थांबत नाही

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. जूनमध्ये त्याला नर्सरीत घातले आणि तेव्हापासून दर महिन्याला सर्दी, मग खोकला, मग छाती भरणे हे ठरलेलेच झाले आहे. दोनदा दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. ऑगस्टमध्ये एक्स-रेवर उजव्या बाजूला न्यूमोनिया दिसला, तेव्हा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. सर्दी नसतानाही पहाटे त्याला खोकल्याची उबळ येते. खूप हसला किंवा जिना धावत चढला तरी खोकतो. एरवी खेळतो, जेवतो; तिसऱ्या वाढदिवसाला वजन १३ किलो होते, आता १४ आहे. डॉक्टरांनी रोज पंप घ्यायला सांगितले आहे, पण सासूबाई म्हणतात की पंपाची सवय लागते आणि मुलावर दम्याचा शिक्का बसतो. माझ्या पतींना लहानपणी दमा होता. आम्ही चेंबूरला राहतो. शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाचे काम चालू आहे आणि पावसाळ्यात आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का? शाळा बंद करावी का? गेल्या वर्षी माझे दीर आमच्याकडे राहत असताना त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला होता. आता ते बरे आहेत.
— एक आई, चेंबूर

उत्तर : तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता जे लिहिले आहे, ते मी सर्वांत आधी घेते. पाच वर्षांखालचे मूल ज्या घरात असेल, त्या घरात कोणाला फुप्फुसाचा क्षय झाला, तर त्या मुलाची तपासणी व्हायलाच हवी आणि आजार नाही अशी खात्री झाल्यावर त्याला प्रतिबंधक औषध दिले जावे, अशी राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातच तरतूद आहे. हे गेल्या वर्षी झाले होते का, याचा पत्रात उल्लेख नाही. झाले नसेल, तर दिरांच्या उपचाराचे कागद आणि मुलाचा एक्स-रे घेऊन याच आठवड्यात महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. ही तपासणी आणि औषधे सरकारी व्यवस्थेत मोफत आहेत. लहान मुलाला थुंकी काढून देता येत नाही, म्हणून कधी कधी सकाळी उपाशीपोटी जठरातला द्रव नळीने घेऊन तो तपासतात. तसे सांगितले तर घाबरू नका. जन्मतः दिलेल्या बीसीजी लसीने क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून बरेच संरक्षण मिळते, पण ती दिली म्हणून फुप्फुसाचा क्षय होणारच नाही असे नसते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, रेंगाळणारा ताप, खेळण्यातला उत्साह जाणे आणि वजन न वाढणे ही मुलांमधल्या क्षयाची नेहमीची लक्षणे आहेत. तुमचा मुलगा खेळतो आहे आणि सहा महिन्यांत एक किलोने वाढला आहे, ही चांगली खूण आहे. तरीही घरात रुग्ण होता, एवढे एक कारणही तपासणी करून घ्यायला पुरेसे आहे.

आता प्रतिकारशक्तीविषयी. नर्सरीच्या पहिल्या वर्षात निरोगी मुलालाही विषाणूंमुळे होणारी सर्दी-खोकल्याची सहा ते आठ, कधी त्याहूनही अधिक आजारपणे होतात, आणि प्रत्येक वेळचा खोकला पूर्ण जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. याचा हिशेब मांडला, तर मूल जवळजवळ निम्मे वर्ष खोकताना दिसणार, आणि आईला हा एकच न संपणारा आजार वाटणार, हे साहजिक आहे. म्हणून अशा पालकांना मी दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांविषयी अधिक खोदून विचारते. त्या दिवसांत मूल पूर्ण बरे असते, की काहीतरी मागे उरलेलेच असते? प्रतिकारशक्तीचा खरा दोष असेल तर कान वारंवार वाहणे, गळवे होणे, तोंडात बुरशी येत राहणे, सलाइनमधून औषधे द्यावी लागतील इतके संसर्ग पुन्हा पुन्हा होणे आणि वजन खुंटणे असे चित्र दिसते. तुमच्या पत्रात यातले काहीही नाही.

मात्र मधल्या दिवसांत तुमच्या मुलाचे काहीतरी मागे उरते आहे, आणि ते तुम्ही नेमके टिपले आहे : सर्दी नसताना पहाटेची उबळ, हसल्यावर आणि जिना चढल्यावर येणारा खोकला. त्यात वडिलांना दमा होता आणि दोनदा वाफेची गरज पडली. पत्रावरून निदान करता येत नाही, पण हे सगळे बालदम्याकडे झुकणारे आहे आणि तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. या वयात श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. विषाणूमुळे त्यांचे अस्तर थोडेसे सुजले तरी आतली वाट बरीच आक्रसते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. पुष्कळ मुलांचा हा त्रास पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत ओसरतो. आई-वडिलांना दमा किंवा ॲलर्जी असेल तर तो पुढे राहण्याची शक्यता अधिक असते.

सासूबाईंची काळजी मी हलक्यात घेत नाही, कारण घराघरांत याच समजुतीपायी मुलांचे पंप कपाटात पडून राहतात आणि मग मध्यरात्री धावाधाव होते. त्यांना एक आकडा दाखवा. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे पंपाचे दोन दाब म्हणजे ०.२ मिलिग्रॅम औषध. त्याच औषधाच्या सिरपचा नेहमीचा एक चमचा म्हणजे २ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट, आणि तेही पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या शरीरात जाणारे. रोज घ्यायच्या पंपात सहसा सूज कमी करणारे स्टिरॉइड अगदी अल्प मात्रेत असते. त्याची सवय लागत नाही. दीर्घकाळ वापराने उंचीवर परिणाम झालाच, तर तो साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास असतो. पुन्हा पुन्हा दम लागणाऱ्या मुलाचे नुकसान याहून पुष्कळ मोठे असते.

पंप नुसता तोंडात मारू नका. या वयाला स्पेसर (पंप आणि मास्क यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) आणि मास्क लागतोच. पंप हलवून स्पेसरला लावावा, मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर फट न राहता बसवावा, एकच दाब द्यावा आणि मुलाला शांतपणे पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत. दुसरा दाब हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून द्यावा. मूल रडत असेल तर औषध फुप्फुसात फारच थोडे पोचते, म्हणून आधी मास्क बाहुलीला लावून खेळ करावा, किंवा मूल गाढ झोपलेले असताना हलक्या हाताने द्यावा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी आणि चेहरा पुसावा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि आतून न पुसता निथळत ठेवून वाळवावा. हे बरोबर जमले, तर दम्याच्या साध्या झटक्यात स्पेसरमधला पंप दवाखान्यात औषधाची वाफ देणाऱ्या नेब्युलायझर यंत्राइतकाच उपयोगी पडतो.

ऑगस्टच्या न्यूमोनियाविषयी एक प्रश्न. त्याच्या आधी कधी शेंगदाणा, फुटाणा किंवा खेळण्याचा तुकडा तोंडात असताना मुलाला अचानक जोराचा ठसका लागला होता का? श्वासनलिकेत अडकलेला दाणा महिनोन्महिने खोकला आणि एकाच बाजूचा न्यूमोनिया करत राहतो. असे काही आठवत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पुढे पुन्हा न्यूमोनिया म्हटले गेले, तर दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून जागा तीच आहे का ते पाहायला हवे. साध्या विषाणूजन्य सर्दीवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही, तेव्हा ते मागून घेऊ नका.

खोकल्याच्या सिरपविषयी माझे मत कडक आहे. दूषित सिरपमुळे मध्य प्रदेशात मुले दगावल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देऊ नयेत. तुमच्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा-एक चमचा मध द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच देऊ नये.

घरात सर्वांत आधी ओलीचा बंदोबस्त हवा, कारण तिच्यावर वाढणारी बुरशी दम्याच्या मुलाला थेट त्रास देते. भिंत दुरुस्त होईपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत झोपवा. मच्छर-कॉइल, उदबत्ती, धूप, धुरी आणि कोणाचेही सिगारेट-विडी ओढणे घरात बंद असावे. बांधकामाच्या वेळात त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या आणि केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. दही आणि केळे बंद करण्याची गरज नाही.

लसीकरणाच्या कार्डावर न्यूमोकोकल लसीचे तिन्ही डोस (दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांचे) आहेत का ते पाहा. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घ्यावी. पहिल्याच वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. शाळा बंद करू नका. ताप असेल तेवढे दिवस घरी ठेवा.

शेवटी, घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट यायला हवी. मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाचे वर येणे मोजा. या वयात श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, धापेमुळे बोलता किंवा पिता येत नसेल, किंवा मूल सुस्त पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेला झटक्याचा (श्वासनलिका मोकळ्या करणारा) पंप स्पेसरमधून द्या आणि लगेच जवळच्या मोठ्या रुग्णालयात निघा. तुमच्या बाजूने शीवचे महापालिका रुग्णालय जवळ आहे, आणि वाहन मिळत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. जाताना पंप, स्पेसर आणि जुने एक्स-रे सोबत घ्या, आणि किती वाजता किती दाब दिले ते कागदावर लिहून न्या.